सरांना किती टीप द्यायची?

१० ऑगस्ट, रविवार

नूडल्स तशाच राहिल्या. हिमानीच्या वाढदिवसाला हॉटेलात गेलो आणि वाढदिवसाच्या पोरीनंच दोन घास खाल्ले नाहीत.

वर्धमाननगरातलं नवीन एसी हॉटेल. पंधरा पूर्ण झाले तिला. दहावीचं वर्ष, पुढे अभ्यासच अभ्यास, म्हणून यंदा बाहेर जेवू — तिचाच हट्ट. दुपारी दीडला पोचलो. मेनूकार्ड उघडलं तोच बाजूला कुणी येऊन उभं राहिलं. "साधं पाणी आणू की बाटली?" हिमानीनं वर पाहिलं आणि ताडकन उभी झाली. वर्गात मास्तर आल्यावर होतात तशी! "सर —"

लांजेवार सर. तिचे गणिताचे. अंगात हॉटेलचा मरून शर्ट, खांद्यावर फडकं. पालकसभेत मी त्यांना तीनदा भेटलेली आहे. आठवीत हिमानी गणितात एकवीस मार्कांवर होती, रडायची, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवायची. याच माणसानं तिला मधल्या सुट्टीत बसवून बसवून पंचाहत्तरवर आणलं.

सुशील कधी पालकसभेला गेलेला नाही. त्याला काय माहीत! त्याचं डोकं मेनूकार्डात. "साधंच आणा. आन् मसाला पापड, जल्दी."

"बस बेटा," सर तिला म्हणाले. एवढंच. आणि लिहून घेऊन गेले. त्यांनी वाढलं, ग्लास भरले, सुशीलनं रोटी गरम नाही म्हटल्यावर दुसरी आणली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी सुशीलला टेबलाखालून पाय मारला तर म्हणाला, "काय झालं वं?"

बिल चौदाशे साठ. सुशीलनं पंधराशे दिले, उरलेले चाळीस बडीशेपेच्या वाटीपाशी ठेवले. त्याचा नेहमीचाच नियम — जे सुटे परत येतील ते. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज त्या चाळीस रुपयांकडे पाहवेना. चाळीस! ज्यांनी माझ्या लेकीला घाबरायचं थांबवलं त्यांना चाळीस. मग किती? दीडशे? पाचशे ठेवले तर कीव केल्यासारखं. काहीच नाही ठेवलं तर — शिक्षकाला कुणी टीप देतं का! पण ते तर आज शिक्षक म्हणून उभे नव्हते. सर तिकडे पाठ करून एक पुसलेलंच टेबल पुसत होते.

मी चाळीस उचलले, बिलाच्या फोल्डरात पाचशेची नोट ठेवली, बंद केलं आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

"पाचशे? काहून?" सुशील गाडी काढताना. मी सांगितलं. तो किक मारायचं विसरला. "शाळेचा मास्तर? आन् प्लेटा उचलून राहिला?" घरी येईस्तोवर दर सिग्नलला तेच. "खरंच मास्तर?"

हिमानी मागे माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. वाढदिवसाचं ओवाळायचं राहिलं.


११ ऑगस्ट, सोमवार

हिमानीनं शाळेतून आल्या आल्या पाकीट दिलं. आत पाचशेची नोट आणि चौकटीच्या वहीतलं पान.

"सौ. सरिताताईंस, हिमानीला वाढदिवसाच्या शुभेच्छा. टीप फार जास्त होती, परत पाठवत आहे. गैरसमज नसावा. — चं. लांजेवार"

अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. हिमानी म्हणाली, "स्टाफरूमच्या बाहेर दिलं मम्मी. कोणी पाहत नव्हतं." थोड्या वेळानं — "सरांनी मले गृहपाठ पण विचारला. नेहमीसारखाच."

आधी राग आला, खरं लिहिते. एवढा ताठा कशाला? मग लाज. मी नोट ठेवली ती त्यांच्यासाठी की माझं मन हलकं व्हावं म्हणून?

सुशील आज वीजनिर्मितीच्या प्लांटवरून उशिरा आला. पाकीट दाखवलं. वाचलं, घडी केली, परत दिलं.


१२ ऑगस्ट, मंगळवार

दिवसभर आडतीच्या ऑफिसात बसून तेच डोक्यात. कळमन्याच्या बाजारात आज मिरचीची आवक मोठी. सगळे शिंकत-खोकत होते, माझे डोळे पुसणं कुणाला वेगळं वाटलं नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत भिशीच्या ग्रुपवर लिहिलं — आम्ही चौदा बायका, सगळ्या ओळखीच्या: "रविवारी हॉटेलात हिमानीचे गणिताचे सर वाढायला होते. अशा वेळी टीप किती द्यायची असते? खरंच कळत नाहीये."

उत्तरं धडाधड आली. कुसुमताई — "देऊच नये, अपमान होतो." एकीचं — "हजार द्यायचे ना मग, गुरू आहेत." एकीनं नुसते रडके चेहरे टाकले. मयुरा — "कोणते सर वं? लांजेवार का? माझी पोट्टी पण त्यांच्याच वर्गात." मी लिहिलं — हो.

हो लिहायला नको होतं का? माहीत नाही. पण मी वाईट काही लिहिलं नाही.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला गेले. सर कवायतीच्या मुलांपुढे उभे. पांढरा शर्ट, काखेत शिवलेला. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकापर्यंत खणखणीत. आणि हॉटेलात — "साधं पाणी आणू की बाटली" — तो किती खाली आणला होता त्यांनी!

हिमानीनं येताना सगळं सांगितलं. पोरींना सगळंच माहीत असतं. शाळा विनाअनुदानित. सरकारचं अनुदान येईल, येईल म्हणून चौदा वर्षं झाली. तोवर संस्था महिन्याला चार हजार हातावर ठेवते, तेही कधी दोन महिन्यांनी. सर कुहीकडचे. घरी म्हातारी आई आहे, पंचफुलाबाई, थोडं धानाचं वावर आहे. बायको दिपाली शिवणकाम करते, कधी तिकडे, कधी इथे. सरांनी इथे पारडीला खोली केली आहे. संध्याकाळी आणि रविवारी हॉटेल.

"तुले आधीपासून माहीत होतं?"

"हॉटेलचं नव्हतं," ती म्हणाली. "पण मम्मी, सर डबा आणत नाहीत. ते माहीत होतं."

मैदानावर सरांनी मला नमस्कार केला. मी केला. बोलायचं ठरवून गेले होते. नाही जमलं.


२३ ऑगस्ट, शनिवार

सर तीन दिवस वर्गावर नाहीत. नोटीस दिली आहे त्यांना! हॉटेलात काम करून शाळेची बदनामी केली — सात दिवसांत लेखी खुलासा करा आणि माफी मागा. शिपायानं वाचलं, शिपायाकडून पोरींना, पोरींकडून हिमानीला.

"शाळेवाल्याईले कसं कळलं?" मी विचारलं.

हिमानीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सगळे म्हणून राहिले कोणत्या तरी बायकांच्या ग्रुपवर आलं होतं."

मी मोबाईल काढला. मेसेज तिथेच. माझं नाव, माझा फोटो, माझे शब्द. इतक्या दिवसांनी सगळ्यांच्या फोनमधून पुसताही येत नाही.


२४ ऑगस्ट, रविवार

ग्रुपवर विचारलं, कुणी पुढे पाठवलं का. बारा जणींनी वाचलं. उत्तर एकीचंही नाही. संध्याकाळी मयुराला फोन केला. बोलता बोलता माझा आवाज चढला. "तुझीच पोरगी आहे तिथे. तूच विचारलं होतं कोणते सर म्हणून." ती म्हणाली, "सरिता, तू मले चोर समजून राहिली का?" आणि ठेवला. दहा मिनिटांत ग्रुप सोडून गेली.

आम्ही दोघी सातवीपासूनच्या मैत्रिणी.


२६ ऑगस्ट, मंगळवार

सुशीलला सांगितलं. ग्रुपवर मी लिहिलं, त्यातूनच फुटलं, त्या माणसाच्या पोटावर माझ्यामुळे पाय आला. रडले. तोंडावर त्याला अहो-जाहो करते, इथे सुशील लिहिते. रडताना मात्र नुसतं "अहो, अहो" निघत होतं.

तो जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "तू जीवाले लावून नको घेऊ. जे झालं ते झालं." उठला, स्वतःचं ताट स्वतः घासलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा!

एका शब्दानं दोष दिला नाही मला. दुसरा नवरा असता तर म्हणाला असता, तुम्हा बायकांना मोबाईल कशाला हवा.


३१ ऑगस्ट, रविवार

एकटीच गेले हॉटेलात. अकराला, गर्दीच्या आधी. सर नव्हते, बाराला येतात म्हणे. गोविंदा म्हणून पन्नाशीचे एक वेटर आहेत, ते ग्लास पुसत होते. मी विचारलं, त्या दिवशी पाचशेची नोट ठेवली होती, ती जास्त झाली होती का? सरांनी परत पाठवली म्हणून.

गोविंदा माझ्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही होत्या का त्या?" मग बाहेर, पायऱ्यांपाशी घेऊन आले.

"फोल्डरातलं आमच्या हातात येत नाही ना ताई. काउंटरवर डब्बा आहे, त्यात जाते. फुटलेल्या प्लेटा, गिलास — सगळं त्याच्यातून कापते मालक. उरलं तं महिन्याच्या आखरीले वाटते. नाही उरलं तं नाही."

"मग मले परत केले ते?"

"ते तं आपल्या खिशातले देल्ले त्यानं. मी म्हटलं, गा मास्तर, काहून देतं? तुले कुठं भेटले? तं म्हणे, पोरीच्या मायले काय सांगू, डब्ब्यात गेले म्हणून? त्याईले वाटन मी ठेवून घेतले."

मी विचारलं, दिवसाचे किती मिळतात इथे? "साडेतीनशे," गोविंदा म्हणाले. "पुऱ्या दिवसाचे."

मी तिथेच पायरीवर बसले. माझी टीप सरांना दीड दिवसाच्या मजुरीला पडली! आणि वर मी त्यांच्या ताठ्याचा राग केला होता. गोविंदांनी आत येऊन चहा घ्या म्हटलं. नाही घेतला. सर येण्याआधी निघून आले. काय तोंड दाखवणार होते?


२ सप्टेंबर, मंगळवार

ठरवलं. उद्या शाळेत जाणार. लेखी देणार की चूक माझी आहे.

सुशील म्हणाला, "संचालक आनंदराव आहे तिथं. आमच्या प्लांटवर राखेचे ट्रक त्याचेच चालतात. माझं नाव नको घेऊ." बरं म्हटलं. नोकरीच्या ठिकाणी नसती भानगड नको असेल त्याला.


३ सप्टेंबर, बुधवार

मुख्याध्यापिका बाई बिचाऱ्या खुर्ची कडेला ओढून बसल्या होत्या. बोलायचं काम आनंदरावांचं. साठीचे, हातात चार अंगठ्या. मी कागद पुढे ठेवला. सगळं लिहिलं होतं — मी ग्रुपवर विचारलं, सरांनी कुणालाही काही सांगितलं नाही, त्यांच्याकडून शाळेची बदनामी झालेली नाही.

त्यांनी कागद वाचलाही नाही. "तुमच्या ग्रुपचं काय घेऊन बसल्या ताई. मले कळाचं होतं तिथून कळलं."

मला वाटलं मयुराला वाचवून राहिले.

"शिक्षकाले प्रतिष्ठा पाह्यजे," म्हणाले. "उद्या पोरं हॉटेलात त्यालेच पाणी मागतीन. कसा धाक राहीन मंग?"

मी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "आम्ही मागितलं. त्यांनी आणून दिलं. माझी पोरगी उभी राहून त्यांना सर म्हणाली. धाक कुठे गेला?"

"तुम्ही भावनेनं बोलून राहिल्या."

"मग पगार द्या ना त्यांना! कशाला जातील हॉटेलात?"

"अनुदान आलं की देऊ."

"चौदा वर्षं झाली."

ते हसले. खरंच हसले. "मंग त्यानं थांबाचं नव्हतं. आम्ही कोणाले बांधून ठेवलं?"

मुख्याध्यापिका बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "खुलासा देत नाहीये तो. मी म्हटलं, दोन ओळी लिही, पुन्हा करणार नाही म्हणून. लिहीत नाहीये."


५ सप्टेंबर, शुक्रवार

आज शिक्षक दिन. सरांनी काल राजीनामा दिला.

हिमानीनं कार्ड केलं होतं. दप्तरात तसंच परत आलं.


७ सप्टेंबर, रविवार

पारडीला जाऊन आलो, मी आणि हिमानी. सुशीलला खूप म्हटलं, चला. "तू जा. माझी तब्येत बरी नाही." सकाळी तर ठीक होता.

एक खोली. एका बाजूला शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेला छोटा फळा. सर बनियनवर होते, घाईनं शर्ट घातला. दिपालीताई आल्या होत्या गावाकडून. त्यांनी चटई अंथरली. पाणी सरांनीच आणलं. हिमानीनं पुढे होऊन त्यांच्या हातातून ग्लास घेतले.

मी सांगितलं सगळं. हात जोडले. "माझ्यामुळे झालं. मला फक्त विचारायचं होतं, किती द्यायचे. अपमान होऊ नये म्हणून विचारलं आणि —"

सर म्हणाले, "ताई, तुमच्या मेसेजमुळे झालं की कशानं, मला माहीत नाही. नोटिशीत नुसतं 'विश्वसनीय माहितीवरून' लिहिलं होतं. आणि काढलं नाही मला, मी सोडली."

"दोन ओळी लिहिल्या असत्या तर —"

"बसलो होतो लिहायला. खरंच बसलो. 'माझ्याकडून असे कृत्य पुन्हा होणार नाही.' कोणतं कृत्य? ताटं उचलली, हे? वर्गात मी पोरांना काय सांगतो आणि कागदावर काय लिहू?" ते हिमानीकडे पाहून बोलत होते.

दिपालीताई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या बोलल्या आणि खोली लहान झाली. "चौदा वर्षं मी ह्या मशीनवर पाय मारून राहिली. ह्याईच्या बसचं भाडं माह्या शिलाईतून. सासूबाईचं औषध माह्या शिलाईतून. लोक म्हणे मास्तरीणबाई! आन् ज्या दिवशी हे दोन पैसे आणाले लागले, त्या दिवशी तुमच्या पोराईची शाळा बदनाम झाली?"

"दिपाली," सर म्हणाले.

"बोलू द्या मले. ह्या ताई चांगल्या आहेत, समजते मले. पण चांगल्या लोकाईनंच आमचा तमाशा केला ना?"

खरंच तर होतं. पर्समधून ती पाचशेची नोट काढली. गोविंदांनी सांगितलं, म्हटलं, ही तुमची आहे, तुमच्याच खिशातली. सर मान हलवत होते, नको, नको. दिपालीताई पुढे आल्या. "द्या इकडे." घेतली, पदराच्या गाठीला बांधली. "आमचे होते ते. काहून नाही घ्याचे?"

तेवढ्यानं जरा श्वास घेता आला. मला आणि मला वाटतं त्यांनाही. चहा झाला. निघताना मी विचारलंच — आता तर विचारायला काय उरलं होतं! — "सर, खरं सांगा. त्या दिवशी किती द्यायला हवे होते?"

सर थोडा वेळ विचारात पडले, गणित सोडवायला दिल्यासारखे. "दुसऱ्या वेटरला देता तेवढेच. आणि हातात द्या. फोल्डरात नका ठेवू."

रस्त्यावर हिमानी म्हणाली, "मम्मी, त्रिकोणमिती अर्धीच राहिली."


८ सप्टेंबर, सोमवार

सुशीलला सगळं सांगितलं. दिपालीताई काय बोलल्या, तेही. तो टीव्हीकडे पाहत होता. टीव्ही बंद होता.


२१ सप्टेंबर, रविवार

सर रविवारी सकाळी सात ते नऊ शिकवतात आता, पारडीच्या खोलीतच. हिमानी आणि वर्गातल्या पाच जणी. मशीन बाहेर ओट्यावर काढून ठेवतात म्हणे दिपालीताई. फी ठरवायला सर तयार नव्हते. दिपालीताईंनी ठरवली — आणि सगळ्या आयांनी न कुरकुरता दिली.

त्या पाचांत मयुराची पोरगीही आहे. मयुरा मला ओट्यापाशी दिसली. मी हसले. तिनं पायातली चप्पल सारखी केल्यासारखं केलं.


२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं द्यायला मयुराकडे गेले. दार तिच्या सासूनं उघडलं. "ती झोपली आहे." दुपारचे बारा वाजले होते.


१२ ऑक्टोबर, रविवार

हिमानीला सहामाहीत गणितात अठ्ठ्याऐंशी! तिला त्याच हॉटेलात जायचं होतं. सुशील म्हणाला दुसरीकडे जाऊ, सावजीत जाऊ. ती ऐकेना. "सरांना सांगायचं आहे, पप्पा."

सर आता पूर्ण वेळ तिथे. हॉटेलवाल्यानं कॅप्टन केलं आहे — काळं जाकीट, हातात पॅड, चार वेटर हाताखाली. हिमानीनं उभं राहूनच मार्क सांगितले. सरांनी आधी विचारलं, "बारा मार्क कुठे गेले?" मग हसले. त्यांना असं हसताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, एक तारखेला पगार हातात पडतो, आईला कुहीहून इथे डॉक्टरकडे आणलं, चष्मा झाला तिला. सगळं खरं. पण बोलता बोलता बाजूच्या टेबलावरून कुणी चुटकी वाजवली — "ओ भैया!" — आणि ते हिमानीचं वाक्य अर्धं सोडून गेले.

बिल अकराशे वीस. मी एकशे दहा रुपये मोजून हातात दिले. सरांनी मूठ मिटली, मान थोडी लववली. "थँक्यू मॅडम."

मॅडम. ताई नाही. बरोबरच आहे, त्यांनीच सांगितलं होतं, दुसऱ्याला देता तसे द्या. तरी मला ताईच ऐकायचं होतं.

सुशील बिल यायच्या आधीच उठून बाहेर गेला होता. ताटात अर्धी रोटी. इतक्या वेळात त्यानं सरांकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. आम्ही आलो तेव्हा गाडीला टेकून उभा. "माझ्यामुळे तुम्हाला पण खाली पाहावं लागते," मी म्हटलं. त्यानं किक मारली.


१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कणीक मळत होते. सुशील स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आनंदरावले मी सांगतलं होतं," म्हणाला. "वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, अकरा तारखेले. प्लांटच्या गेटवर, चार लोकाईच्या समोर. तू ग्रुपवर टाकाच्या आधी. म्हटलं, तुमचा मास्तर हॉटेलात प्लेटा उचलून राहिला, शरम वाटू द्या, पगार द्या त्याले. वाटलं, भलं होईन."

दोन महिने! मयुरा गेली. मी त्या खोलीत चटईवर बसून हात जोडले.

"मंग मले माफी मागाले काहून जाऊ दिलं? आन् नंतर तरी काहून नाही सांगतलं?"

"तू मागून आली होती ना माफी," तो म्हणाला. "वाटलं, एकाच घरचे आपण. कोणीतरी मागितली, झालं."

मी हात धुतले. त्याला पारडीचा पत्ता सांगितला, मग मयुराचा नंबर लिहून दिला. प्लांटला उशीर झाला तर होऊ द्या, म्हटलं.

त्यानं विचारलं, "तू येतं ना संगं?"

"नाही. एकटे जा."